अध्यक्षांचा आवाज

खारूताईला हसू आवरायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा घोळ. शाळेत मुख्याध्यापिका ओरडायला लागल्या की हिच्या पोटात गुदगुल्या सुरू. स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीत सही करताना तिला हसू फुटलं होतं, आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात दोन हत्यारं असताना. नशिबाने तिला पोटापाण्याचं कामही तसलंच मिळालं. ती डबिंग करायची. मुलांच्या एका कार्टून मालिकेतल्या आगाऊ खारीला तिने इतकी वर्षं आवाज दिला होता की गल्लीतली पोरंच काय, औषधांचा दुकानदारसुद्धा गोळ्यांचं पाकीट पुढे करत "घ्या खारूताई" म्हणायचा.

नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाचे बरेच महिने पाण्यात. घरी ती आणि सासूबाई. सासूबाई जन्मभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्तीनंतर हाती आलेली सगळी पुंजी त्यांनी शहरातल्या सगळ्यात चकचकीत बँकेत ठेवली होती, आणि ती व्याजासाठी नव्हे, तर अध्यक्षांच्या आवाजासाठी. ठेवीदारांच्या सभेत अध्यक्ष नुसतं "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणाले आणि सासूबाईंच्या अंगावर काटा आला.

"अगं, काय तो आवाज! हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. असा माणूस खोटं बोलेल का?"

बँक एका शुक्रवारी सकाळी बुडाली. दारं उघडलीच नाहीत. तिच्या पाठोपाठ आणखी दोन बँका आडव्या झाल्या, मग कारखाने, मग दुकानं, आणि महिनाभरात अख्खं शहर एकमेकांकडे उसने मागत फिरायला लागलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे कॅमेरे नेता येत नव्हते, पण सगळे सवाल-जवाब टाइप करून जाहीर झाले. अध्यक्षांनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं: "माझ्या स्मरणात नाही." कर्ज कुणाला दिलं? स्मरणात नाही. सही कुणाची? स्मरणात नाही. आपण या बँकेचे अध्यक्ष होता ना? त्यावर जरा थांबून, "तसं म्हणतात." आयोगाने 'हलगर्जीपणा झाला' असं लिहून चष्मा मिटला. तुरुंगात कुणीच गेलं नाही.

काही वर्षांनी ही सगळी हकिगत पडद्यावर आणायचा ध्यास एका दिग्दर्शकाने घेतला. उंच, हाडकुळा, शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकलेली. माहितीपट जवळजवळ तयार होता. ठेवीदार बोलले होते, बँकेचे शिपाई बोलले होते, अध्यक्षांच्या माजी ड्रायव्हरने तर जेवणाची सुट्टी सोडून मुलाखत दिली होती. फक्त अध्यक्षांचे जबाब वाचायला आवाज मिळेना. शहरातल्या एकूणएक पुरुष कलाकारांनी हात वर केले. जाहिरात कंपन्यांत अध्यक्षांची भागीदारी अजून शाबूत होती, आणि जाहिरातींवरच तर सगळ्यांची चूल पेटायची.

शेवटी दिग्दर्शक खारूताईच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"माणसाचा आवाज कुणी द्यायला तयार नाही," तो कपाकडे बघत म्हणाला. "म्हणून म्हटलं..."

"खारीचा घ्यावा?"

"तसं नाही हो. तुम्ही खालच्या पट्टीत छान बोलता."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "करते म्हणून सांग. माझे पैसे गेलेत, निदान तुला तरी काम मिळू दे."

स्टुडिओ एका चपलांच्या दुकानाखाली तळघरात होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच. काचेच्या एका बाजूला माइक, दुसऱ्या बाजूला यंत्रं आणि एक बसका सोफा. यंत्रांवर जो माणूस बसायचा त्याला सगळे कानसेन म्हणत. रस्त्यावरून कुठली गाडी गेली हे तो तळघरात बसून सांगायचा, पण स्वतः दिवसाला चार वाक्यंसुद्धा बोलायचा नाही.

पहिला जबाब खारूताईने झकास दिला. घसा खाली नेऊन, संथ, वजनदार. दुसराही जमला. तिसऱ्या "माझ्या स्मरणात नाही"ला तिच्या ओठाचा कोपरा हलला. चौथ्याला आवाज हळूच वर सरकला. पाचव्याला माइकसमोर अध्यक्ष नव्हतेच, साक्षात खार होती, अक्रोड गालात लपवून "मी? अक्रोड? माझ्या स्मरणात नाही!" म्हणणारी. काचेपलीकडे कानसेन खुर्चीवरून घसरला. खारूताईने तोंडात ओढणी कोंबली, पाणी प्यायली, गंभीर गोष्टी आठवून पाहिल्या, काही केल्या जमेना. दिग्दर्शक आधी चिडला, मग त्याने डोकं धरलं, आणि मग त्याचेही खांदे हलायला लागले.

"राहू दे," तो डोळे पुसत म्हणाला. "असंच राहू दे. सगळं वाचून काढा."

माहितीपटाची छोटीशी झलक बाहेर पडली आणि शहराला एकदम झिंग चढली. इतकी वर्षं लोक त्या बँकेचं नाव निघालं की मान खाली घालायचे. आता शाळेत बाई गृहपाठ मागायच्या आणि मागच्या बाकावरून खारीच्या आवाजात उत्तर यायचं, "माझ्या स्मरणात नाही!" वाहतूक पोलिसाने परवाना विचारला, तेच. नवरे भाजी आणायला विसरले, तेच. आणि असं ऐकण्यात आलं की खुद्द अध्यक्षांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, दूध का सांडलं म्हणून विचारल्यावर त्यांच्या लाडक्या नातीने आजोबांकडे बघत तेच सांगितलं, आणि सुनेला हसू दाबता दाबता ठसका लागला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तळघराच्या जिन्यावरून जड पावलं उतरली.

त्या दिवशी सासूबाई सोफ्यावर होत्या. जवळच्या दुकानात त्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता आणि तो मिळेपर्यंत त्या सुनेचं काम बघायला, म्हणजे खरं तर ऐकायला, बसल्या होत्या. दारात कुणीतरी भलामोठा माणूस उभा आहे एवढंच त्यांना दिसलं.

"ती खार कोण?" माणूस म्हणाला. भिंतीच्या गाद्यासुद्धा थरथरल्या.

सासूबाई ताडकन सरळ बसल्या. "अगंबाई, हा तर अध्यक्षांचा आवाज!"

अध्यक्ष एकटेच आले होते. कोट इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. वकिलाने त्यांना बजावून ठेवलं होतं की कुणापुढे चकार शब्द काढायचा नाही, आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं पाळलं होतं. ज्या माणसाच्या नुसत्या नमस्काराला सभागृह टाळ्या वाजवायचं, तो माणूस इतकी वर्षं घरात बसून टीव्हीशीसुद्धा मनातल्या मनात बोलत होता. आणि आता त्याच्या नावावर एक खार बोलत होती.

"मी असा बोलतो?" सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या खारूताईकडे त्यांनी बोट केलं. "असा? चिरक्या आवाजात? माझ्यावर काय वाटेल ते आरोप करा, त्याला वकील आहे. पण हा आवाज मी खपवून घेणार नाही. बदला!"

खारूताईने खाली बघितलं. हसू घशापर्यंत आलं होतं आणि आता ते फुटलं तर धडगत नव्हती. दिग्दर्शक मात्र पुढे झाला. त्याचं बटण नेहमीसारखंच चुकलेलं होतं, पण डोकं जागेवर होतं.

"साहेब, दुसरं कुणी वाचायला तयारच नाही. तुमच्या आवाजाच्या तोडीचा आवाज शहरात आहे कुणाचा?"

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. त्यांनी काचेपलीकडच्या माइककडे पाहिलं. माइकवर छान पिवळा उजेड पडला होता.

"मी दाखवतो," ते म्हणाले. "रेकॉर्ड करा, आणि या बाईंना रोज ऐकवा."

"साहेब, माइकसमोर जाणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते," दिग्दर्शकाने कागद पुढे केला. "जे बोलाल ते आम्ही वापरणार."

"वापरा! वापरण्यासाठीच दाखवतोय." अध्यक्षांनी खिशातलं सोन्याच्या टोपणाचं पेन काढून अशी झोकदार सही ठोकली की कागद जवळजवळ फाटला.

ते काचेपलीकडे गेले, हेडफोन चढवले आणि लाल दिवा लागला. अध्यक्षांनी कोटाचं बटण लावलं, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "माझ्या... स्मरणात... नाही."

सुंदर होतं. खर्जातलं, गोल, मधात बुडवलेलं. कानसेनने नकळत मान डोलावली.  सासूबाईंनी मात्र हळहळून "च्च" केलं. यंत्राशेजारी एक बटण होतं, ते दाबलं की इकडचं बोलणं आतल्या माणसाच्या हेडफोनमध्ये जायचं आणि रेकॉर्डिंगमध्येही यायचं. सासूबाईंनी चाचपडत ते शोधलं आणि दाबलं.

"अध्यक्षसाहेब, केव्हापासून होतंय हे?"

"काय होतंय?"

"हेच, विसरायला. माझ्या धाकट्या दिरांना अगदी असंच झालं होतं हो. आधी किल्ल्या विसरायचे, मग नावं, मग पायजमा. घाबरू नका. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली आहेत."

"बाई, मला काहीही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," सासूबाई मायेने म्हणाल्या. "एवढी मोठी बँक, आणि काहीच आठवू नये! बिचारा जीव. लोक उगाच तुम्हाला चोर म्हणाले. चोर व्हायलासुद्धा डोकं शाबूत लागतं."

खारूताईने भिंतीकडे तोंड केलं आणि गादीत नाक खुपसलं. तिला श्वास घेता येत नव्हता.

"माझं डोकं शाबूत आहे!" इकडच्या स्पीकरमधून गर्जना आली.

"असेल, असेल. आपण साधी तपासणी करू या हं. आज वार कोणता?"

"गुरुवार!"

"शाबास. आणि बँक बंद झाली तो?"

"शुक्रवार."

"वा! चांगलं आठवतंय की. आणि त्याच्या आदल्या दिवशी काय केलंत? आठवत नसेल तर राहू द्या, ताण नका देऊ."

"आठवत नसायला काय झालं?" अध्यक्षांनी माइक जवळ ओढला. "गुरुवारी दुपारी संचालकांना जेवायला बोलावलं. मोठ्या ठेवीदारांना मी स्वतः फोन केले, एकेकाला नावाने, यादी न बघता! संध्याकाळपर्यंत आपल्या माणसांचे पैसे बाहेर काढले आणि सकाळी दारं उघडायची नाहीत असं मॅनेजरला सांगितलं. त्याने कुठल्या रंगाचा टाय घातला होता तेही सांगतो. जांभळा!"

दिग्दर्शक पुतळ्यासारखा उभा होता. कानसेनने एकदा लाल दिव्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि मग देवाला धरावेत तसे हेडफोन दोन्ही हातांनी धरले.

"जांभळा! बघा बरं," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते शीतगृहाचं मोठं कर्ज? त्याबद्दल आयोगापुढे तुम्ही अगदीच गोंधळला होता म्हणे."

"गोंधळलो?" अध्यक्ष खवळले. "ती योजना माझी होती! एका ओसाड माळावर नुसती पाटी लावली, 'शीतगृह' म्हणून. मालक माझा मेहुणा. त्याला साधी बेरीज येत नाही, सगळं मी केलं. पहिलं कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, अशी सात वर्षं! हिशेब तपासायला येत त्यांना मी समुद्रकिनाऱ्यावर न्यायचो, ते पोहायचे आणि सही करायचे. एवढं सगळं चालवायला काय लागतं माहीत आहे? स्मरणशक्ती लागते! एक आकडा चुकला असता तर सगळा डोलारा कोसळला असता."

आणि मग ते थांबेचनात. हात उभारून, आवाज चढवत, उतरवत, मधे नाट्यमय विराम घेत, कोण आलं, कुणाला काय दिलं, कुणाच्या मुलीच्या नावावर घर झालं, सगळं नावानिशी सांगत राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता. इतक्या वर्षांनी त्यांना श्रोते मिळाले होते. सासूबाई मधूनमधून "हो का?", "मग?", "कमाल आहे बाई!" म्हणत होत्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या खारूताईचं हसू कधी थांबलं ते तिचं तिलाच कळलं नाही. ती हळूहळू काचेकडे वळली. आपल्या सासूबाईंनी साडी न घेता, प्रवासाला न जाता साठवलेले पैसे या माणसाच्या तोंडून एखाद्या गमतीसारखे बाहेर पडत होते, आणि तिच्या हाताच्या मुठी आवळल्या गेल्या होत्या.

शेवटी अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं. "लावा. ऐकू द्या."

कानसेनने लावलं. अध्यक्षांनी डोळे मिटून स्वतःला ऐकलं, एका ठिकाणी स्वतःलाच दाद दिली आणि म्हणाले, "उत्तम आलंय. याला म्हणतात आवाज." जिना चढून ते निघून गेले. वरून त्यांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा कानसेनने त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"प्रती काढू. आत्ताच्या आत्ता. खूप."

मग मात्र तळघरात जो धिंगाणा झाला तो झाला. दिग्दर्शकाने कानसेनला उचललं, कानसेनने दिग्दर्शकाला, आणि दोघांनी मिळून सोफ्यासकट सासूबाईंना उचलायचा प्रयत्न केला. वरचा चपलांचा दुकानदार भूकंप झाला की काय म्हणून खाली धावत आला. खारूताई सासूबाईंपुढे जमिनीवर बसली.

"खरं सांगा. तुम्हाला तो खरंच आजारी वाटला, की..."

"माझा चष्मा तयार झाला असेल," सासूबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या प्रती पोलिसांपर्यंत पोहोचल्या, चौकशी पुन्हा उघडली, खटला उभा राहिला. रेकॉर्डिंगच्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर अध्यक्षांनी वकिलाला मोठ्या हौसेने सगळं सांगितलं होतं, आणि वकिलाला पाणी पाजावं लागलं होतं, अशी बोलवा होती. पण वकील हुशार. त्याने कोर्टात एकच मुद्दा लावून धरला: त्या रेकॉर्डिंगमधला आवाज अध्यक्षांचा नाहीच. या बाईंचा धंदाच नक्कल करण्याचा आहे. आधी खारीच्या आवाजात केली, मग माणसाच्या केली. आणि सही? त्या कागदावरची सही म्हणजे नुसता फराटा, तो कुणीही मारेल.

खारूताईला साक्षीला बोलावलं. कोर्टाची खोली ठेवीदारांनी गच्च भरली होती. पुढच्या बाकावर सासूबाई, नव्या काचांतून डोळे वटारून.

"मी नक्कल केलेली नाही," खारूताईने शपथेवर सांगितलं.

"पण करू शकता?" वकील गोड हसला. "करून दाखवा ना. रेकॉर्डिंगमधलं ते स्मरणशक्तीचं वाक्य."

ती वाईट नक्कल करायला गेली. मुद्दाम वाईट. पण इतक्या वर्षांची सवय. तोंड उघडलं आणि तो खर्ज, तो मध, तो विराम, सगळं आपोआप आलं. "एवढं सगळं चालवायला काय लागतं माहीत आहे? स्मरणशक्ती लागते!"

 दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले.  आपणच आपल्या हाताने सगळं मातीत घातलं, असं खारूताईला वाटलं.

"पाहिलंत?" वकील न्यायाधीशांकडे वळला. "काय फरक आहे? काही आहे फरक?"

"आहे!"

आरोपीच्या पिंजऱ्यात अध्यक्ष उभे राहिले होते. वकिलाने हाताने त्यांना बसायची खूण केली, मग दोन्ही हातांनी केली.

"जमीन-अस्मानाचा फरक आहे!" अध्यक्ष म्हणाले. "बाईंनी 'लागते' वर जोर दिला. मी 'स्मरणशक्ती' वर दिला होता. आणि त्याआधी मी श्वास घेतला होता, तो कुठे आहे? वाक्य असं होतं..." आणि छाती भरून, पिंजऱ्याचा कठडा धरून, त्यांनी ते वाक्य म्हटलं. मग लगेच पुढचं. मग मेहुण्याचं.

न्यायाधीशांनी चष्मा खाली केला. "म्हणजे ते तुम्हीच बोलला होता?"

"दुसरं कोण बोलू शकेल?" अध्यक्ष म्हणाले.

वकिलाने फाइल बंद केली आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मागच्या बाकावर कुणीतरी आधी फिसकन हसलं. मग शेजारचा. मग अख्खी खोली. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते, हसता हसता रडत होते, न्यायाधीश हातोडा आपटत होते आणि त्यांच्याही मिशा थरथरत होत्या. साक्षीदाराच्या जागी खारूताई मात्र एकटी गंभीर उभी होती. सगळे हसत असताना आयुष्यात पहिल्यांदाच तिला हसू आलं नाही, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

अध्यक्षांना शिक्षा झाली, मेहुण्यालाही, आणि पोहायला जाणाऱ्यांनाही. बंगला, गाड्या, माळावरची जमीन, सगळं विकून ठेवीदारांना पैसे परत मिळाले. पूर्ण नाहीत, पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग येण्याइतके. माहितीपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यात अध्यक्ष स्वतःच्याच आवाजात बोलत होते. खारूताईचं जवळजवळ सगळं काम कापलं गेलं होतं. दिग्दर्शकाने मान खाली घालून तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मानधन कापू नका म्हणजे झालं."

पहिल्या खेळाला नवरा जहाजावरून सुट्टी घेऊन आला होता. अंधारात तो दर मिनिटाला विचारत होता, "हा कोण? आई कुठे आहे? आता आई येणार का?" सासूबाई त्याच्या पलीकडे बसून नव्या साडीचा पदर सावरत होत्या. पडद्यावर त्यांचा "मग?" ऐकू आला आणि सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं, तेव्हा त्या मुलाच्या कानाशी वाकल्या.

"मी तिथे जरा पुढे सरकून बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आवाज बारीक आलाय माझा."